पिसारा आणि अंड्यांचे दप्तर

चि. मुकुंद यास,

मेलबर्नहून धाडलेले तुझे पत्र पावले. प्रदर्शनात पारितोषिक मिळविलेल्या काळ्या ऑर्पिंग्टन कोंबड्यांची जोडी घेऊन तिच्याच संततीवर अंड्यांचा जोडधंदा उभारण्याचा तुझा मनोदय कळला. उत्साह स्तुत्य आहे. परंतु पैसा गुंतविण्यापूर्वी या जातीचा पूर्वेतिहास तुझ्या ध्यानी यावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

इंग्लंडच्या केंट परगण्यातील विल्यम कुक या गृहस्थाने १८८६ साली मिनॉर्का, लँगशान आणि प्लिमथ रॉक यांच्या संकरातून ही जात सिद्ध केली, ती सामान्य कुटुंबास अंडी आणि मांस दोन्ही पुरवावीत या हेतूने. पुढे ती प्रदर्शनाच्या मंडपात शिरली. परीक्षकांची नजर डौलदार आकारावर आणि दाट पिसाऱ्यावर खिळली, आणि पालकांनीही त्याच बाबी पाहून जोड्या लावल्या. पक्षी भव्य झाला, पण अंडी उणावली. याच ऑर्पिंग्टनचे वंशज ऑस्ट्रेलियात मात्र अंड्यांच्या हिशेबाने निवडले गेले, त्यांत अन्य रक्तही मिसळले, आणि त्यातून ऑस्ट्रलॉर्प ही जात निपजली. १९२२-२३ च्या चाचणीत तिच्या सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १८५७ अंडी दिली. मूळ एकच; निवडीच्या कसोट्या तेवढ्या भिन्न.

हे कसे घडते तेही समजून घे. अंड्यांची संख्या हा गुण आईबापांकडून पिलांत अल्पांशानेच उतरतो; तो टिकवायचा तर दर पिढीत त्याच्यावर लक्ष ठेवून निवड करावी लागते. कोंबडा स्वतः अंडी देत नसल्यामुळे त्याची योग्यता त्याच्या आईच्या, बहिणींच्या किंवा लेकींच्या नोंदींवरून ठरते, आणि प्रदर्शनाच्या पिंजऱ्यावर तर तसली नोंद लावण्याचा शिरस्ताच नाही. त्यात एकाच विजेत्या घराण्यात पुनःपुन्हा जोड्या लावल्या की अंडी कमी फळतात आणि पिलेही दुर्बल निघतात. पांढऱ्या मुखाच्या स्पॅनिश जातीची हीच गत झाली: एके काळी मोठ्या पांढऱ्या अंड्यांसाठी नावाजलेली ही कोंबडी मुखाची पांढरी त्वचा वाढविण्याच्या हव्यासापायी नाजूक झाली आणि परसांतून नाहीशी होत गेली.

आणखी एक बाब तू खुराड्यात स्वतः पाहू शकशील. पानगळीच्या सुमारास जिची पिसे झिजलेली, शेपटी विस्कटलेली, तुरा मात्र अजून लाल व टवटवीत, आणि जिच्या जघनास्थींमध्ये तीन बोटे सहज मावतात, ती कोंबडी बहुधा कळपातील उत्तम अंडी देणारी असते. कारण ती लवकर पिसे टाकून विसावा घेत नाही, आणि पिसे व अंडी ही दोन्ही एकाच खुराकातील प्रथिनांवर घडत असतात. अशा कोंबडीस मंडपात कोणीही फीत बांधणार नाही. जिची पिसे लवकर गळून नवी आली, तिचे सौंदर्य निर्दोष दिसते आणि अंडी बंद असतात.

म्हणून माझी शिफारस अशी: आत शिरताच दार आपोआप मिटणारी घरटी बसव, प्रत्येक कोंबडीच्या पायात क्रमांकाचे कडे घाल, आणि रोजचे अंडे तिच्या नावे दप्तरी दाखल कर. कोंबडा घेताना विक्रेत्याकडे त्याच्या आईच्या वार्षिक अंड्यांचा तपशील माग. तो न मिळाल्यास बिल्ले कितीही असोत, व्यवहार करू नकोस. जातीची ठेवण राखावीस, रंगही राखावास, कारण जुन्या जातींचे रूप हेही जपण्याजोगे धन आहे. परंतु अंड्यांची खातरजमा झाल्यावाचून केवळ रूपासाठी एकाही पक्ष्यास प्रजननाच्या खुराड्यात जागा देऊ नकोस. एक वर्षाचे दप्तर पुरे झाले की मला त्याची नक्कल धाड. पुढील जोड्या आपण मिळून ठरवू.



तुझा,
काका