उपचारात हलगर्जी झाली तर? रुग्णाचे हक्क आणि केसपेपर



ग्राहक हक्क शिकवताना आपण कमी वजन, मुदत संपलेलं पाकीट, छापील किमतीपेक्षा जादा पैसे अशी उदाहरणं देतो. दवाखान्याचं उदाहरण क्वचितच देतो. माकणीसारख्या गावात मोठं दुखणं आलं की लोहारा, उमरगा, नाहीतर थेट लातूर-सोलापूर गाठावं लागतं. तिथं काही बिघडलं तर घरचे नशिबाला दोष देऊन गप्प बसतात, नाहीतर तोडफोड करतात. सरकारी दवाखाना असेल तर "फुकटच्या उपचाराची तक्रार कुठं करणार?" हे ठरलेलं. हा समज चुकीचा आहे, आणि तो खोडून काढणारा खटला आपल्या मराठवाड्यातलाच आहे.

जुलै 1963. औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) सरकारी रुग्णालयात 10 तारखेला एका महिलेची प्रसूती झाली. 13 तारखेला कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. मग ताप आणि पोटदुखी सुरू झाली. 19 तारखेला दुसऱ्या सर्जननी जखम उघडली, तेव्हा आत कापड राहिलेलं आणि पू झालेला आढळला. 24 तारखेला ती बाई गेली.

घरच्यांनी दावा लावला. खालच्या न्यायालयानं 36,000 रुपये भरपाई दिली, उच्च न्यायालयानं ती रद्द केली. अखेर 20 फेब्रुवारी 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयानं 'अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात ती पुन्हा मंजूर केली. पोटात कापड राहतं हाच निष्काळजीपणाचा पुरावा, आणि ते नेमकं कुणाच्या हातून राहिलं हे कळलं नाही तरी नोकर सरकारचे, म्हणून जबाबदारी सरकारची, असा त्याचा सार. घटनेला तोवर तब्बल 33 वर्षं होत आली होती. एवढ्या काळात 36,000 रुपयांची किंमत किती उरली असेल, हा हिशेब वर्गात जरूर घाला.

त्याच निकालात डॉक्टरांच्या बाजूचंही म्हणणं आहे. योग्य काळजी घेऊनही रुग्ण दगावू शकतो, आणि उपचाराच्या पद्धती डॉक्टरांगणिक वेगळ्या असू शकतात. नुसता वाईट परिणाम म्हणजे हलगर्जी नव्हे.

पैसे घेणारे दवाखाने ग्राहक कायद्यात येतात, हे 13 नोव्हेंबर 1995 च्या व्ही. पी. शांता निकालानं ठरलं. काहींकडून पैसे आणि काहींवर मोफत उपचार असं असेल, तर तिथला मोफत रुग्णही ग्राहकच. सगळ्यांवरच मोफत उपचार होत असतील तर ग्राहक आयोग नाही, पण दिवाणी न्यायालय आहेच. सरकारविरुद्ध दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

2019 च्या ग्राहक कायद्यानं गावाकडच्या माणसाची मोठी सोय केली. ऑपरेशन सोलापुरात झालं असलं तरी माकणीचा माणूस तक्रार धाराशिवच्या जिल्हा आयोगात करू शकतो. मुदत दोन वर्षांची. दवाखान्याला दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी लागत नाही.

हे सगळं अडतं ते कागदावर. केसपेपर दवाखान्यात, रेफर चिठ्ठी रिक्षात, बिल साध्या चिठोऱ्यावर! आपल्याकडे पोरांचे दाखले लॅमिनेट करून ठेवतात, डिस्चार्ज कार्ड मात्र पिशवीत चुरगळतं. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार, रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या नातेवाइकानं मागणी केल्यापासून 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. भरती रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात. तोंडी मागू नका. अर्ज लिहा, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. मग ते कागद त्याच विषयाच्या दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवा, कारण आयोगापुढं सहसा त्याचं मत लागतं.

आणि हात उगारू नका. डॉक्टरांवरील हल्ल्यासाठी राज्याच्या 2010 च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, शिवाय मोडलेल्या सामानाची दुप्पट भरपाई. खरी तक्रार बाजूलाच राहते.

मराठीच्या तासाला अर्जलेखन घेताना रजेच्या अर्जासोबत हाही एक विषय द्या: 'रुग्णालयाकडे केसपेपरच्या प्रतींची मागणी'. रुग्णाचं नाव, भरतीची व सुट्टीची तारीख, केसपेपर क्रमांक आणि हव्या असलेल्या कागदांची यादी, एवढं त्यात आलं की पुरे.