अर्धा खोपा

अलिबाग तालुक्यात, अरबी समुद्राच्या काठी, किहीम नावाचे गाव आहे. सुरूचे बन, माड-पोफळींच्या वाड्या आणि लांबच लांब पुळण यांमुळे ते पाहणाऱ्याच्या मनात भरते. परंतु किनाऱ्यावरच्या माणसांना समुद्राची माया लाभते, तसा त्याचा कोपही सोसावा लागतो.

२०२० च्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे सगळीकडे शाळा बंद झाल्या. घंटा पुन्हा केव्हा वाजेल, हे कोणालाच सांगता येईना. त्यातच ३ जून रोजी दुपारी ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन थडकले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरांहून अधिक होता. घरांची कौले व पत्रे उडाले. वर्षानुवर्षे जोपासलेले माड आणि पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. कित्येक गावे पुढे अनेक दिवस अंधारात होती.

मुलांनो, फुटलेले कौल डोळ्यांना दिसते. मनाला गेलेला तडा दिसत नाही.

आमच्या शेजारच्या वाडीत एक बारा वर्षांचा मुलगा राहत असे. मोठा बोलका आणि खेळकर! परंतु वादळानंतर तो अबोल झाला. वारा सुटला की दचकून उठे. ताटावर बसला तरी दोन घास खाऊन हात धुई. एके दिवशी मी त्याला अंगणात बसवून विचारले, “बाळ, काय होते तुला?”

बराच वेळ तो पायाच्या अंगठ्याने माती उकरीत राहिला. मग म्हणाला, “गुरुजी, वारा आला की आता छप्पर जाणार, असे वाटते. पण कोणाला सांगू? बाबांची तर सारी वाडी गेली. मी भितो म्हटले, तर त्यांना आणखी वाईट वाटेल.”

मी म्हणालो, “तुझी भीती खोटी नाही, आणि तिच्यात लाजण्यासारखेही काही नाही. संकट आले की मन पहाऱ्यावर उभे राहते, ते आपल्या रक्षणासाठीच. कधी कधी संकट टळले, तरी ते पहारा सोडीत नाही. म्हणून तुला झोप येत नाही. त्याला हळूहळू उमजू द्यावे लागते.”

मग मी त्याला बांधावरच्या बाभळीकडे नेले. तेथे सुगरण पक्ष्यांचे खोपे वाऱ्यावर झुलत होते. काही पुरे होते, काही अर्धेच. ते पाहत असताना मी त्याला डॉ. सलीम अलींची हकीकत सांगितली.

सलीम अलींचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. अगदी लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले, तेव्हा मामांनी त्यांना मायेने वाढविले. पुढे पक्ष्यांचा अभ्यास करण्यासाठी ते जर्मनीस गेले. १९३० साली परत आले, तो पैशांच्या अभावी त्यांची मुंबईतील नोकरीची जागाच रद्द झालेली! दुसरी मनाजोगी नोकरी मिळेना. तेव्हा ते पत्नी तेहमीना यांच्यासह याच किहीमला येऊन राहिले. उद्या काय, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. परंतु घराजवळ सुगरणींची वसाहत होती. तिचे ते रोज तासन् तास निरीक्षण करू लागले आणि जे दिसे, ते टिपून ठेवू लागले.

सुगरण हे नाव स्त्रीलिंगी असले, तरी खोपा विणतो तो नर. गवताची लांब पाती आणून तो अर्धा खोपा तयार करतो. मग माद्या येऊन तो तपासतात. एखादीला पसंत पडला, तर नर तो पुरा करतो आणि लगेच दुसरा बांधावयास घेतो. पसंत न पडला, तर तो तसाच लटकत राहतो. नर मात्र नव्या खोप्याचे पहिले पाते आणावयास निघतो. सुगरणींच्या संसाराची ही रीत सलीम अलींनी किहीमला उलगडली. त्यांचा लेख १९३१ साली प्रसिद्ध झाला आणि जाणकारांनी त्याची वाखाणणी केली.

दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा वही घेऊन बाभळीपाशी बसू लागला. दुपारी तो वडिलांबरोबर माडाची रोपे लावी. रात्री जाग आली, तर आईला उठवून सांगू लागला, “आई, मला भीती वाटते.” आईही त्याला न रागावता जवळ घेई. त्याची भीती एका दिवसात गेली नाही. परंतु पावसाळा सरता सरता त्याची झोप परतली आणि हसूही परतले. माड फळास येण्यास पाच-सात वर्षे लागतात. मनालाही थोडा अवधी द्यावा लागतो.

मुलांनो, पुढे काय होईल, हे ठरविणे आपल्या हाती नसते. आजचे एक लहानसे काम मात्र आपल्या हाती असते. मन जड झाले, तर आई, बाबा, आजी किंवा गुरुजी, ज्यांच्याजवळ मोकळे वाटेल, त्यांना सांगा. तुमचा सोबती गप्प झाला, तर त्याला हसू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा. इतके करूनही दुःख हटेना, तर डॉक्टरांचा सल्ला घेण्यात कमीपणा नाही. सरकारने २०२२ साली ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू केली आहे. तिचा १४४१६ हा क्रमांक फिरविला, की मनाचे दुखणे जाणणारी माणसे आपले म्हणणे ऐकून घेतात.

स्वाध्याय
१. मुलाने आपली भीती वडिलांना का सांगितली नव्हती?
२. ‘मन पहाऱ्यावर उभे राहते’ याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
३. तुमच्या परिसरातील एका पक्ष्याचे आठ दिवस निरीक्षण करून टिपण करा.