खटका पडतो, खिशाला किती पडतो?

उन्हाळ्यात कूलर, पावसाळ्यात पाण्याची मोटार, हिवाळ्यात गिझर. हिंगोली, वसमत, कळमनुरी, कुठेही जा, वायरमनकडे येणारी तक्रार बहुधा त्याच शब्दांत असते: "मेन खटका टिकतच नाही, वर केला की पुन्हा पडतो." यावर सर्वांत स्वस्त म्हणून एक इलाज सर्रास केला जातो. खटकाच काढायचा आणि वायर थेट जोडायची. दहा मिनिटांचे काम, शे-दोनशे रुपये, आणि घरात उजेड. खालचा सगळा हिशेब हा इलाज सोडून केला आहे.

आधी पडतो तो खटका कोणता, ते पाहून घ्या. एमसीबी पडते ती लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झाला म्हणून. ज्याच्यावर 'टी' लिहिलेले छोटे बटण असते तो आरसीसीबी. दुकानात त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढेच तो पाहतो. गळती 30 मिलिअँपिअरला पोहोचली की तो पडलाच पाहिजे आणि 15 च्या पुढे कधीही पडू शकतो. घरगुती जोडणीसाठी 30 ची मर्यादा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही आहे.

"आमच्याकडे अर्थिंग आहे, एमसीबी आहे, मग हे कशाला?" या प्रश्नाला आकड्यांनीच उत्तर देतो. समजा, पत्र्याच्या कूलरमध्ये फेजची वायर सोलून बॉडीला टेकली. अर्थिंगचा रोध 10 ओहम असेल तर 230 व्होल्टला 23 अँपिअर करंट जमिनीत जाईल. मेनची एमसीबी 32 अँपिअरची असेल तर तिला हा नेहमीचाच लोड वाटेल आणि ती पडणार नाही. कूलर चालू, वारा गार, बॉडीत करंट. ओल्या हाताच्या माणसाचा रोध हजार ओहमच्या आसपास येतो, म्हणजे त्याच्या अंगातून 200 मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊ शकतो. हृदय बंद पडायला एवढा पुरतो. आरसीसीबी मात्र बॉडीला फेज लागताच, कोणी हात लावायच्या आतच पडतो.

आपल्या काळ्या मातीत तर तो जास्तच लागतो. पावसाळ्यात ही माती करंट छान ओढते. एप्रिल-मेमध्ये ती भेगाळते, अर्थिंगच्या पाइपापासून सुटते आणि रोध कितीतरी वाढतो. अशा कमकुवत अर्थिंगवरही आरसीसीबी काम करतो.

आता फुकटचा तपास. खटका पडला की घरातल्या सगळ्या पिना सॉकेटमधून उपसून काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण भिंतीवरचे बटण फक्त फेज तोडते. न्यूट्रल अर्थिंगला कुठे टेकली असेल तर ती गळती बटण बंद असतानाही राहते आणि दुसरीच वस्तू चालू केल्यावर खटका पाडते. कित्येकदा निर्दोष मिक्सर बदलला जातो तो यामुळेच. पिना काढल्यावर खटका टिकला तर एकेक पिन लावत जा. ज्या वस्तूला पडेल ती बाजूला ठेवा. सगळ्या पिना काढूनही पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये, किंवा गिझर-मोटारीसारख्या थेट जोडलेल्या वस्तूत आहे. इथून पुढे वायरमन हवाच. तो डीबीमध्ये, म्हणजे खटक्यांच्या पेटीत, एकेक लाइन सोडवून मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचे यंत्र, लावील. वायर-वस्तूंचा इन्सुलेशन रोध एक मेगओहमच्या खाली आला तर गळती पक्की. मेगर नसलेला माणूस अंदाजाने वस्तू बदलत जातो आणि त्या अंदाजाचे बिल आपल्याला येते, म्हणून फोनवरच विचारा: "मेगर आहे का?"

पुढचे आकडे ढोबळ बाजारभावाचे आहेत. कंपनी, गाव आणि हंगाम यांप्रमाणे ते हलतील. वायरमनच्या तपासणीचे 200 ते 500 रुपये, मेगरसह थोडे जास्त. गिझरचे एलिमेंट 300 ते 800 आणि वर मजुरी. बोअरच्या जड पाण्याने एलिमेंटवर क्षाराचा थर चढतो, ते तापून चिरते आणि पाणी आत शिरते. गिझर लावल्यावर पाच-दहा मिनिटांनी खटका पडणे ही त्याची ठरलेली खूण. कूलरचा पंप 200 ते 400, बदलायला सोपा. फ्रिजमध्ये डीफ्रॉस्ट हीटर गळत असेल तर हजार-दीड हजारात सुटका होते, कॉम्प्रेसर गेला असेल तर पाच हजारांच्या पुढे. जुन्या फ्रिजवर तेवढा खर्च करण्यात मला अर्थ वाटत नाही. पाण्यात बुडवायचा हीटर रॉड गळू लागला तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, फेकून द्या.

कधी एकही वस्तू बिघडलेली नसते, तरी खटका पडतो. टीव्ही, कॉम्प्युटर, एलईडी दिवे, वॉशिंग मशीन ही प्रत्येक वस्तू थोडी थोडी गळती करतेच. सगळी मिळून 15-20 मिलिअँपिअर झाली की एवढेसे निमित्त पुरते. अशा वेळी अख्ख्या घराला एकच आरसीसीबी न ठेवता गिझर-मोटारीला वेगळा आणि बाकी घराला वेगळा, असे दोन भाग करावेत. मजुरीसह तीन ते पाच हजार रुपये जातील, पण गिझर बिघडला म्हणून फ्रिज रात्रभर बंद राहणार नाही.

इन्व्हर्टरवाल्यांनी एक गोष्ट खास तपासावी. इन्व्हर्टरच्या लाइनची न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलमध्ये खुशाल मिसळलेली असते, आणि खटका उगाच पडण्याचे ते मोठे कारण आहे. शिवाय वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर चालणाऱ्या पंख्या-दिव्यांचा करंट मेनच्या आरसीसीबीतून जातच नाही. तिथे वेगळे संरक्षण हवे का, हे वायरमनकडून ठरवून घ्या.

खुद्द आरसीसीबी खराब निघणे सर्वांत कमी घडते, म्हणून तो बदलण्याचा खर्च सर्वांत शेवटी. दोन पोलचा, 40 अँपिअर, 30 मिलिअँपिअरचा चांगल्या कंपनीचा आरसीसीबी साधारण 1,400 ते 2,500 रुपयांना मिळतो. तो ओव्हरलोड पाहत नाही, त्यामुळे सोबत एमसीबी लागतेच. दोन्ही कामे एकातच हवी असतील तर आरसीबीओ, 2,000 ते 3,500. घेताना आयएसआय चिन्ह आणि आयएस 12640 हा क्रमांक पाहा. चिन्हाखालचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' अॅपवर तपासता येतो. पक्के बिल घ्या.

अर्थिंग नव्याने करायचे तर जीआय पाइप, कोळसा-मीठ, खड्डा आणि मजुरी धरून अडीच ते पाच हजार. केमिकल अर्थिंग त्याच्या वर. मीठ-कोळशाचे केले असेल तर उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. अर्थिंग तपासताना एक खोड हमखास सापडते: न्यूट्रल आणि अर्थिंग बोर्डातच जोडून टाकलेले. मग खांबाकडून येणारी न्यूट्रल तुटली की घरातल्या प्रत्येक धातूच्या वस्तूला करंट येतो. शेतावर याचाच भाऊबंद म्हणजे फेज घेऊन अर्थिंगच्या खुंटीवर दिवा लावणे. त्या खुंटीजवळ ओल्या मातीत जनावर उभे राहिले तरी जीव जाऊ शकतो. आरसीसीबी असेल तर असा दिवा लागतच नाही, आणि लागू नये हेच बरोबर.

शेतातल्या तीन फेजच्या पाणबुडी मोटारीला मात्र घरचा 30 चा खटका टिकत नाही, कारण लांब ओल्या केबलची गळतीच तेवढी असते. तिथे चार पोलचा 100 मिलिअँपिअरचा लावतात, साधारण अडीच ते साडेचार हजार रुपये. हळदीच्या हंगामात पॉलिशचा ड्रम चालवणाऱ्यांनीही आरसीसीबी लावावा, पण 30 मिलिअँपिअरचा. लोखंडी ड्रम, उघडी केबल आणि घामेजलेले हात तिथे दिवसभर एकत्र असतात. औंढ्याची महाशिवरात्रीची यात्रा किंवा हिंगोलीच्या रामलीला मैदानावरचा दसरा, तिथल्या खाद्यगाड्यांचे आणि स्टॉलचे तेच. आरसीसीबी आणि एमसीबी बसवलेला फिरता बोर्ड अडीच-तीन हजारांत तयार होतो आणि पुढच्या यात्रेलाही चालतो.

वायरिंगचे काम परवानाधारकाकडूनच करून घ्या. खांब, सर्व्हिस वायर किंवा मीटरपर्यंतचा दोष महावितरणचा. त्यासाठी 1912 वर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून ठेवा. वस्तू सदोष निघाली आणि दुकानदार हात वर करत असेल तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

एक मर्यादा लक्षात ठेवा. एका हाताने फेज, दुसऱ्याने न्यूट्रल धरली आणि पायाखाली कोरडी लाकडी फळी असली तर आरसीसीबी वाचवणार नाही. म्हणून बोर्ड उघडण्यापूर्वी मेन बंद करायचाच. आणि दर तीन महिन्यांनी 'टी' बटण दाबून पाहा. दाबूनही खटका पडला नाही तर त्याच दिवशी बदला. वायरमन "काढूनच टाकतो, कटकट मिटेल" म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि दुसरा वायरमन बोलवा.