पुढचे विमान सुटेपर्यंत

मुलांनो, समजा तुम्ही अमेरिकेला निघाला आहात. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर विमान बदलायचे आहे आणि पुढचे विमान दहा तासांनी आहे. इतका वेळ बसून काय करायचे? ब्रिटनचा व्हिसा जवळ असेल, तर विंडसरचा किल्ला पाहून या. मोटारीने सुमारे अर्धा तास लागतो. मात्र किल्ला उघडा आहे ना, याची आधी चौकशी करा आणि विमान सुटण्यापूर्वी तीन तास तरी परत या.

टेम्स नदीजवळच्या टेकडीवर हा किल्ला अकराव्या शतकात राजा विल्यमने बांधायला घेतला. आजही तो राजघराण्याचे निवासस्थान आहे. मधोमध उंच गोल बुरूज दिसतो. १९९२ साली येथे मोठी आग लागली. शंभराहून अधिक दालनांना झळ पोहोचली. कारागिरांनी पाच वर्षांत ती पुन्हा सजवली.

या किल्ल्याचे एका भारतीय भाषेशीही नाते आहे. येथे राहणाऱ्या राणी व्हिक्टोरियाने १८८७ साली उर्दू शिकायला सुरुवात केली. तेव्हा ती ६८ वर्षांची होती! तिचे शिक्षक मुन्शी अब्दुल करीम आग्र्याहून आले होते. राणी उर्दूत रोजनिशी लिहू लागली. किल्ल्याजवळ तिने मुन्शींना राहायला घर दिले. नवी भाषा शिकायला वय आड येत नाही. तुम्ही तर लहानपणीच मराठी शिकत आहात!

शब्दार्थ : दालन – मोठी खोली, रोजनिशी – रोजनामचा, डायरी.

स्वाध्याय : राणीप्रमाणे तुम्हीही आजची रोजनिशी मराठीत पाच ओळींत लिहा.