केसांच्या तेलाला गुण येतो, तो कोणाचा?

जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस मुठीने हातात येऊ लागले. आधी डोके खाजायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. संशय पाण्यावर गेला, शाम्पूवरही गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक गावात आले. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्तात आणि रेशनच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार जास्त आढळल्याचे सांगितले.

आपल्या कामाची गोष्ट त्यानंतरची आहे. काही आठवड्यांत अनेकांच्या डोक्यावर केस पुन्हा उगवू लागले. त्याच आठवड्यांत गावात कोणी जडीबुटीचे तेल विकले असते तर? लावणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी 'गुण आला' असेच सांगितले असते, आणि ते खोटेही बोलत नसते.

आपल्या परभणीकडे हे दरवर्षी लहान प्रमाणात घडते. डेंग्यू, टायफॉईडसारखा मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात. बाळंतपणानंतरही तसेच. ताप विसरलेला असतो, म्हणून कारण लक्षात येत नाही. बाजारातून, यात्रेतून बाटली येते. मजुरीचे दोन-तीन दिवसांचे पैसे जातात. असे गळणे बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते. श्रेय मात्र बाटलीला मिळते आणि शेजारीणही तीच बाटली आणते. चाई पडली तरी अनेकदा उपचाराविना केस परत येतात.

म्हणून 'किती जणांना गुण आला' यापेक्षा 'तेल न लावणाऱ्यांचे काय झाले' हे विचारावे. कांद्याच्या रसाचा बोलबाला आहे. 2002 साली बगदादच्या डॉक्टरांनी चाईच्या रुग्णांवर तो रस आणि साधे नळाचे पाणी अशी तुलना केली. रसाच्या गटात केस अधिक जणांना आले, पण रुग्ण होते जेमतेम चाळीसच्या आत. शिवाय तो प्रयोग चाईवर होता. पुरुषांच्या कपाळाकडून मागे सरकणाऱ्या टकलाला तो लागू होत नाही. रोझमेरी तेलाचा 2015 चा इराणमधला प्रयोग या टकलावरच होता. त्यात मिनॉक्सिडिल या औषधाशी तुलना झाली, पण काहीच औषध न लावलेला गट नव्हता. मग उरलेली शंका तशीच राहते. माक्याबद्दलचे बरेचसे काम उंदीर-घुशींवर झालेले आहे. खोबरेल तेल केसाची झीज कमी करते, हे मात्र तपासलेले आहे. ते लावा की, स्वस्तही आहे! फक्त त्याने नवा केस उगवत नाही.

आणखी एक हिशेब. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि रोज पन्नास ते शंभर केस गळणे नेहमीचेच आहे. तेव्हा 'पंधरा दिवसांत दाट केस' म्हणणारा माणूस केसांचा हिशेबच चुकवतो आहे. टक्कल बरे करण्याचा किंवा नवे केस उगवण्याचा दावा औषधाने करू नये, असे 1945 च्या औषध नियमांतील अनुसूची 'जे'मध्ये नमूद आहे. ऐकीव आहे, परंपरेने चालत आले आहे, एवढ्यावर विश्वास ठेवू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. तेलाच्या जाहिरातीलाही ते लागू पडते.

तेल आणण्याआधी मागच्या तीन-चार महिन्यांत ताप, बाळंतपण, उपवास, नवी गोळी काय झाले ते आठवा. बायकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, अंगात रक्त कमी असले तरी केस गळतात. थायरॉईडचेही विचारावे. लहान मुलाच्या डोक्यावर खवले येऊन चट्टा पडला असेल तर तो नायटा असू शकतो. त्यावर तेल चोळत बसू नका, जिल्हा रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवा. आणि एकाच घरात, एकाच गल्लीत अनेकांचे केस एकदम गळू लागले तर आशाताईंना त्याच दिवशी कळवा, खाण्यातले धान्यही थोडे बाजूला ठेवा.