चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे काय?

मेळघाटातील सिकलसेलच्या काही रुग्णांना वरचेवर रक्त चढवावे लागते. दुसऱ्याच्या तांबड्या पेशी वारंवार अंगात गेल्या, की काहींच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. गरोदरपणामुळेही असे होऊ शकते. म्हणून रक्तपेढीत ‘ओ’ गटाच्या माहितीतल्या पेशींत रुग्णाचे सीरम मिसळून गुठळी होते का, ते पाहतात.

धारणीहून अमरावतीला किंवा अकोल्याला आलेले नातेवाईक ‘पॉझिटिव्ह’ शब्द ऐकूनच घाबरतात. रक्तपेढीत काम करताना मी त्यांना सांगतो, ‘‘गुठळी खरी की खोटी, ते तपासतो आहोत. थोडं थांबा.’’

ही तपासणी अशी होते :

१. रुग्णाच्याच पेशी त्याच्याच सीरममध्ये मिसळतो. तिथेही गुठळी झाली, तर प्रतिपिंड त्याच्या स्वतःच्या पेशींना चिकटत असावे. मात्र नुकतेच रक्त चढवले असेल, तर चिकटणाऱ्या पेशी दात्याच्याही असू शकतात. मग कूम्ब्स चाचणी करतो.

२. पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या दिसल्या, तर सीरम काढून सलाईन घालतो. चळत मोडते, खरी गुठळी टिकते.

३. थंडाव्यातच चिकटणाऱ्या प्रतिपिंडांची शंका असेल, तर पेशी व सीरम वेगवेगळे ३७ अंशांवर गरम करून मग मिसळतो. याने एखादे दुर्बळ खरे प्रतिपिंडही झाकले जाते, म्हणून हा उपाय जपून करावा.

४. नीट न गोठलेल्या नमुन्यातील धाग्यांत पेशी अडकतात. अशा वेळी नवा नमुना घेतो.

सगळ्याच पेशी चिकटल्या, तरी चाचणी खोटी ठरवू नये. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट शोधला. या गटाचे सीरम ‘ओ’ गटाच्या सर्व पेशींना चिकटते, आणि ते अगदी खरे असते. त्या रुग्णाला ‘ओ’ रक्त दिले, तर जीव जाऊ शकतो.

कार्यकर्त्यांना एक विनंती. खरे प्रतिपिंडही काही महिन्यांनी चाचणीत दिसेनासे होते. पण तेच रक्त पुन्हा चढवले, की ते उसळते. म्हणून रुग्णाचे जुने कागद जपून ठेवा. पूर्वी रक्त कधी, कुठे चढवले, बाळंतपणे किती झाली, हे लिहून सोबत द्या. आमच्या यंत्राला न दिसणारी गोष्ट त्या कागदावर असते.