घोड्याचे पोट आणि तंजावूरची वैरण

घोड्याचे जठर त्याच्या अंगाच्या मानाने फारच लहान असते. पाचशे किलोच्या जनावराच्या जठरात 8 ते 15 लिटर एवढेच मावते आणि घोड्याला उलटी करता येत नाही. गिळलेले एक तर पुढे सरकते, नाही तर तिथेच फुगते. जठरात आम्ल अहोरात्र पाझरत असते. त्याची धार कमी करणारी लाळ मात्र फक्त चावतानाच सुटते. म्हणून सहा-आठ तास दावणीला उपाशी उभ्या राहिलेल्या घोड्याच्या जठराला व्रण पडू लागतात. रिकाम्या पोटी रपेटीला काढले तर आम्ल उसळून जठराच्या वरच्या, नाजूक भागाला लागते.

पुढे सुमारे 20 मीटर लांबीचे लहान आतडे असते. दाण्यातील पिठूळ भाग इथेच पचायला हवा. त्यानंतर येते ते सुमारे 30 लिटरचे अंधांत्र आणि त्याहून मोठे बृहदांत्र. घोड्याची खरी चूल इथे पेटलेली असते. कोट्यवधी जिवाणू गवतातील तंतू आंबवून त्यापासून ऊर्जा तयार करतात. दाणा एकदम जास्त पडला की न पचलेले पीठ इथवर पोचते, आम्ल वाढते, उपयोगी जिवाणू मरतात आणि त्यांतून सुटलेली विषे रक्तात जातात. पोटशूळ उठतो आणि खुरांच्या आत सूज येऊन जनावर कायमचे लंगडेही होऊ शकते. ओटीपोटाजवळ बृहदांत्र एक तीव्र वळण घेऊन अरुंद होते. कोरडी, राठ वैरण अडकते ती बहुधा तिथेच.

तंजावूर राजवाड्याच्या आवारात घोड्याच्या औषधोपचाराची आस्था जुनी आहे. दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळात (1798 ते 1832) धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांचीही औषधे तयार होत. सरस्वती महाल ग्रंथालयाने नकुलाच्या नावावर असलेले सचित्र अश्वशास्त्र 1952 मध्ये छापले. परंतु कावेरीच्या या मुलखात घोड्याचे पोट सांभाळताना औषधाआधी वैरणीचा विचार करावा लागतो, कारण इथे जे मुबलक आणि स्वस्त मिळते ते घोड्याला फारसे मानवत नाही. पोय्क्काल कुदिरै या नाचातल्या बनावट घोड्याला हा प्रश्न नाही, खऱ्याला आहे.

मुबलक म्हणजे अर्थातच भाताचा पेंढा. त्यात प्रथिने नावापुरती असतात, वाळूतले सिलिका भरपूर असते आणि तो नीट न चावता गिळला गेला की आतड्यात गोळा होतो. बैलाला चालतो, कारण बैल रवंथ करतो. घोड्याला तो चघळण्यापुरता, इतर गवतात मिसळून द्यावा. हत्ती गवत हिरवेगार दिसते, पण त्यातील ऑक्झलेट चुन्याला बांधून ठेवते. महिनोन् महिने तेवढ्यावरच राहिलेल्या घोड्याची हाडे पोकळ होऊन जबडा सुजतो. त्यात तांदळाचा कोंडा घातला तर फॉस्फरस वाढून दुखणे आणखी बळावते. वाळवलेली हरळी, म्हणजे तमिळ मुलखातले अरुगम्पुल, ही या भागातली उत्तम वैरण. जोडीला थोडा लसूणघास असावा, त्यात चुना भरपूर असतो. रोजची कोरडी वैरण वजनाच्या दीड ते दोन टक्के धरावी. 300 किलोच्या तट्टाला साडेचार ते सहा किलो होतात. ओल्या गवतात पाणीच जास्त, त्यामुळे त्याचे वजन चार-पाच पट धरावे लागते. ही वैरण दिवसभरात आणि रात्रीही थोडी थोडी मिळावी. ऑक्टोबर ते डिसेंबर या पावसात बुरशी धरलेली पेंढी मुळीच घालू नये.

चंदीला दुय्यम स्थान आहे. मद्रास इलाख्यात हुलगे शिजवून घालण्याची जुनी रीत शहाणपणाची होती, कारण कच्च्या हुलग्यातील पचनाला अडथळा करणारी द्रव्ये शिजवल्याने कमी होतात. मात्र इथल्या उकाड्यात शिजवलेले काही तासांत आंबते. आधी वैरण, मग चंदी. तट्टाला एका वेळी किलोभराच्या पुढे जाऊ नये, आणि चंदी बदलायची तर दहा ते चौदा दिवसांत हळूहळू बदलावी. कोंबड्यांचे किंवा गुरांचे तयार खाद्य घोड्याला घालू नये. त्यात मोनेन्सिन असेल तर ते घोड्याच्या हृदयाला घातक ठरते. पाचक जिवाणूंच्या पुड्यांचा बराच बोलबाला असला, तरी त्यांचा पुरावा तोकडा आहे.

तट्टाला रोज वीस-तीस लिटर स्वच्छ पाणी लागते, एप्रिल-मेमध्ये त्याच्या दुप्पटही, आणि सुमारे 30 ग्रॅम मीठ. जंताचे औषध दिनदर्शिका पाहून न देता लीद तपासून द्यावे. दात वर्षातून एकदा तपासून घ्यावेत. लिदीत अख्खे दाणे किंवा लांब काड्या दिसल्या तर त्याआधीच. वाळूवर चारा टाकल्यास वाळू आतड्यात साचते.

पुढच्या पायाने जमीन उकरणे, वळून कुशीकडे पाहणे, पुनःपुन्हा लोळणे, लीद बंद होणे ही पोटशूळाची चिन्हे आहेत. निरोगी घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते; ती 60 च्या वर गेली की प्रकरण गंभीर समजावे. खाणे लगेच बंद करावे. नळ्याने तोंडात तेल किंवा ओव्याचा काढा ओतण्याची सवय मोडायला हवी, कारण ते फुप्फुसात उतरून घोडा न्यूमोनियाने दगावू शकतो. तेल द्यायचे झालेच तर ते पशुवैद्य नाकातून नळी घालून थेट जठरात देतो. तंजावूर जिल्ह्यात ओरत्तनाडू येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा वेळी घरगुती उपायांत रात्र न घालवता तिथे किंवा जवळच्या पशुवैद्याकडे ताबडतोब कळवावे.